वाऱ्याचा फासा

दि. ९ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारी दीड

चि. ठकूस अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही. छोटीचा एक पापा.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले. रोज लिहायला बसत होतो आणि रोज काहीतरी आडवं येत होतं. एकदा पेनातली शाई संपली, एकदा चष्मा सापडेना, दोन-तीनदा नुसताच बसून राहिलो. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "बाबा, कसे आहात" विचारतेस आणि माझ्या तोंडून आपोआप "मजेत" निघतं. तोंडाला सवय लागली आहे. कागदाला अजून लागलेली नाही, म्हणून कागदावर लिहितो.

इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा बदलला. खालच्या शिंपीणबाईंनी माझ्या कोटाचं अस्तर बदलून दिलं. दाराला दुसरी कडी बसवून घेतली, पहिलीचा भरवसा वाटेना. तरी झोपण्याआधी दोनदा उठून बघतो. गॅसचं बटण तीनदा. तुझी आई असती तर म्हणाली असती, चोर आला तरी तुमच्या पहाऱ्याला कंटाळून परत जाईल.

अक्षर वाकडं येतं असं तू लिहिलंस. ते मनावर घेऊ नकोस. खिडकीशी बसून लिहितो, वाऱ्याने कागद हलतो.

निशाणकाका रोज तीनच्या ठोक्याला येतो. जिन्यात आधी काठी वाजते, मग तो ओरडतो, "उघड रे, तुझ्या दोन कड्या निघेपर्यंत मी म्हातारा होईन." मग आम्ही तुझ्या खेळाची पेटी उघडतो. तू पाठवलेले चाळीसही तक्ते भरून झाले. ते मी तुला वेळच्या वेळी पाठवले आहेत. आता त्या तक्त्यांबद्दलच थोडं लिहायचं आहे.

आधी खेळ मला नीट कळला आहे का ते बघ, नाहीतर म्हणशील सातवी शिकलेल्या म्हाताऱ्याला नियमच उमगले नाहीत. पाटावर बंदर आहे, धक्का आहे, चार जहाजं आहेत. लाकडाची छोटी क्रेन आहे, तिच्या दोऱ्याला चिमटा आणि चिमट्यात शिशाची गोळी. दोरा झुलवायचा आणि गोळी जहाजाच्या पोटावर आली की चिमटा सोडायचा. जवळच्या जहाजाचं पोट रुंद, त्याला दोन गुण. लांबच्याचं अरुंद, त्याला पाच. हे झालं हाताचं काम. कुठल्या जहाजावर उतरवायचं, की थांबा म्हणून पत्ता टाकायचा आणि डाव सोडायचा, हे डोक्याचं. आणि वाऱ्याचा फासा. त्याच्या तीन बाजू कोऱ्या, दोन बाजूंवर एकेक लाट, एका बाजूवर दोन. लाट पडली की समोरच्याने दोऱ्याला बोटाने टिचकी मारायची. हे नशिबाचं. प्रत्येक डावाला तक्त्यात लिहायचं, गोळी बाहेर पडली ती कशामुळे: वारा, हात की निवड.

तू मागे समजावून सांगितलं होतंस ते मला पाठ आहे. सगळं हातावर ठेवलं तर ज्याचा हात जलद तोच जिंकतो. सगळं फाशावर ठेवलं तर डोकं घरी ठेवून आलं तरी चालतं. सगळं डोक्यावर ठेवलं तर दोघंही तासभर हनुवटी खाजवत बसतात. तिन्ही बेतात हवं. आणि हरलेल्या माणसाला वाटलं पाहिजे की हरलो ते माझ्यामुळे, पुढच्या खेपेला मी दाखवतो. नशिबामुळे हरलो असं वाटलं की तो पेटी कपाटावर टाकतो आणि पुन्हा काढत नाही.

हरलो ते माझ्यामुळे, असं वाटून कोण पुन्हा खेळायला बसतं, हे मला अजून कळत नाही.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस की माझ्या चाळीस डावांत एकसष्ट गोळ्या बाहेर पडल्या आणि त्यातल्या चौपन्नांसमोर मी वारा लिहिलं आहे. फाशाच्या अर्ध्या बाजू कोऱ्या असताना इतका वारा कसा, म्हणजे फासाच वाकडा कापलेला असणार. म्हणून तू तुमच्या सुताराला बोललीस. तो म्हणाला मी तीन वेळा तोलून बघितला आहे, तरी तू त्याला चारचौघांत बोललीस. मग तू ठरवलंस की फाशाच्या पाच बाजू कोऱ्या ठेवायच्या. आणि हातामुळे तर बाबांच्या फक्त चारच गोळ्या गेल्या, उरलेल्या तीन निवडीच्या, तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या माणसाला जमतं तर कुणालाही जमेल, म्हणून जहाजांची पोटं आणखी अरुंद करायची. साचा आणि नियमांचा कागद वीस तारखेला कारखान्यात जाणार.

ठकू, फासा सरळ आहे. सुताराची माफी माग. माझ्या नावाने माग.

हे एक वाक्य लिहायला मला एकोणीस दिवस लागले. जरा उठून पाणी पिऊन येतो.

आलो. तर असं आहे. लाट पडली नव्हती तेव्हाही मी वारा लिहिलं. पहिल्या दिवशी एकदा लिहिलं, चुकून लिहिलं असं समज. फासा कोरा होता, गोळी रुंद पोटाच्या जहाजाच्याही बाहेर पडली आणि माझ्या हाताने पेन उचलून वारा लिहून टाकलं. निशाणकाका तेव्हा चष्मा पुसत होता. मग सवयच झाली. डोळ्यांना दिसतं, आता सोड. मी सोडतो. पण बोट सुटतं ते गोळी पुढे गेल्यावर. आणि उजव्या हाताचा अंगठा आपला आपण हलत राहतो, दोरा न धरताही. मी त्याला दुसऱ्या हाताने धरून ठेवतो. टेबलाखाली, म्हणजे कुणाला दिसत नाही.

किती दिवस, असं विचारशील. मागच्या उन्हाळ्यापासून. डॉक्टरकडे गेलो नाही. दोनदा दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेलो, आत बाकावर माझ्यासारखेच चार-पाच जण हात मांडीखाली दाबून बसलेले दिसले आणि परत आलो. त्याने आत बोलावून नाव सांगितलं त्या दुखण्याचं, की मग ते माझं झालं. अजून ते कुणाचंच नाही.

परवा कप पडला. शिंपीणबाई दारात होत्या. मी म्हटलं, कान ओला होता कपाचा. त्या म्हणाल्या, "ओला कुठला, आजोबा, आत्ता तर फडक्यातून काढलात." मी हसलो. दार लावल्यावर दोन्ही कड्या घातल्या आणि तिथेच जमिनीवर बसलो. तुकडे गोळा करायला हात पुढे करायची भीती वाटत होती.

आणि तू लिहितेस, अठराला येते, मला दिवसभर प्रदर्शनात जावं लागेल, छोटीला तुमच्याकडे ठेवते. "बाबांचा हात म्हणजे क्रेनवाल्याचा हात, डोळे मिटून सोपवते." हे वाक्य मी रोज वाचतो. चार महिन्यांची पोर. तिला आंघोळ घालायची, जिन्यावरून खाली न्यायची. स्वप्नात मी तिला उचलतो आणि माझ्या बोटांना कळायच्या आत

हे अर्धंच राहू दे.

रविवारी काय झालं तेही सांगून टाकतो. दुपारचा डाव चालला होता. फासा कोरा पडला. मी आधीच जवळचं जहाज घेतलं होतं, सर्वांत सोपं. गोळी धक्क्यावर आपटली आणि कपाटाखाली गेली. तक्ते संपलेत, तरी सवयीने मी वही ओढली आणि वारा लिहिलं. निशाणकाकाने चष्म्यावरून बघितलं.

"वारा?"

"खिडकीतून आला."

"खिडकी बंद आहे."

मी म्हटलं, "फटीतून येतो, तुला नाही कळत." तो वाकला, काठीने कपाटाखालची गोळी ओढून काढली, पुसून पाटावर ठेवली. आणि म्हणाला, "वारा नव्हता रे. तेव्हाही नव्हता."

मी विचारलं, कधी. खरं तर मला कळलं होतं. तो म्हणाला, "माझ्या हातात निशाण होतं, लेका. त्याचं फडकं सगळा वेळ खाली लोंबत होतं. माझ्याइतकं वाऱ्याचं कुणाला कळणार?"

तेवीस वर्षं, ठकू. तेवीस वर्षं त्याला माहीत होतं आणि तेवीस वर्षं तो माझ्याकडे येतोय.

तू तेव्हा दहा वर्षांची. तुला ती गोष्ट मीच सांगितली होती, किती वेळा सांगितली असेल. मी वर केबिनमध्ये, निशाणकाका खाली धक्क्यावर निशाण घेऊन, क्रेनवरून पेटी खाली उतरत होती, एकदम वारा आला, पेटी झोका खाऊन वळली आणि तिचा कोपरा निशाणकाकाच्या पायावर बसला. तू डोळे मोठे करून ऐकायचीस आणि विचारायचीस, बाबा, मग वाऱ्याला कुणी पकडलं का? चौकशीवाल्या साहेबांनाही मी तेच सांगितलं होतं. कागदावर तसंच लिहिलं गेलं. त्या गोष्टीतून तू मोठी होऊन हा खेळ केलास आणि त्यात वाऱ्याचा फासा घातलास. पेटी उघडून तो फासा हातात घेतला तेव्हा मला वाटलं, तू मला पकडलंस.

वारा नव्हता. हात उशिरा पडला. दांडा ओढायला अर्ध्या क्षणाचा उशीर झाला.

काठी वाजली जिन्यात. तो आला. उद्या पुढे लिहितो.

बुधवार, सकाळी

काल तो आला तेव्हा पत्र गादीखाली सारलं. गादी सरळ करता करता माझा हात दिसला असेल त्याला. आम्ही पाट मांडला. तू विचारलेला प्रश्न मी त्याच्यापुढे ठेवला: फासा आधी टाकायचा आणि मग जहाज निवडायचं, की जहाज आधी निवडायचं आणि मग फासा टाकायचा. मी तुला मागे कळवलं होतं की निवड आधी, फासा नंतर. तसंच छापायला चाललंय.

निशाणकाका हसला. "कुठल्या बंदरावर असं असतं? आधी मी निशाण दाखवायचो. तू बघायचास. मग ठरवायचास, उतरवायचं की थांबायचं. वारा आधी कळतो, माणूस मग ठरवतो. उलटं केलं तर काहीही झालं तरी तू म्हणशील, मला काय माहीत वारा येणार ते."

त्याने हे सहज म्हटलं. खेळाबद्दलच म्हणत होता. पण माझा अंगठा टेबलाखाली इतका हलायला लागला की पाट थरथरला आणि जहाजं जागची सरकली. त्याने जहाजं पुन्हा जागेवर लावली. म्हणाला, "कधीपासून?"

मी म्हटलं, उन्हाळ्यापासून.

"तरी म्हटलं, कुठून इतका वारा येतोय." मग म्हणाला, "माझा एक पाय रजेवर, तुझा एक हात. दोघांत मिळून एक माणूस होईल धड."

तो हसला, तिथेच मी थांबायला हवं होतं. पण तेवढ्यात तो म्हणाला, "तेव्हाही हात उशिरा पडला, एवढंच ना? हात आहे, पडतो कधी उशिरा. मी तर तेव्हाच समजलो. वारा आला की माणूस आधी वर आभाळाकडे बघतो. तू केबिनमधून सरळ माझ्याकडे बघितलंस. त्यावर मी कशाला बोलू? तुझी केबिन गेली असती. ठकी एवढीशी होती."

आणि मग मला गप्प बसवेना. तुलाही तेच सांगतो जे त्याला सांगितलं. काल वर हात उशिरा पडला असं लिहिलं, तेही सगळं खरं नाही.

त्या दिवशी पलीकडच्या क्रेनवर तो मिशाळ होता, आठवत असेल तुला, भोंग्यासारखा हसायचा. जेवणाचा भोंगा व्हायच्या आत कोण जहाज रिकामं करतो, अशी आमची चढाओढ लागली होती. कशासाठी नाही, नुसती मिजास. त्याची एक पेटी उरली होती, माझीही एक. माझी पेटी निम्म्या वाटेवर होती आणि खाली निशाणकाकाने निशाण आडवं धरलं. आडवं म्हणजे थांब. आधी उतरवलेल्या एका पेटीचा दोर धक्क्याच्या खुंटीला अडकला होता, तो सोडवायला त्याला पुढे वाकायचं होतं. मी बघितलं, ठकू. स्वच्छ बघितलं. मला वाटलं, तो वाकायच्या आत मी ठेवून देतो. दोन क्षण आहेत. मला ते जमेल.

जमलं नाही. तक्त्यात तू तीन रकाने केलेस. मी आधी पहिला भरला, मग काल दुसरा, हाताचा. खरा तिसरा होता, निवडीचा.

निशाणकाकाने काठी दोन्ही हातांत घेतली. मग विचारलं, "आडवं दिसलं होतं तुला?"

"दिसलं होतं."

"नक्की?"

"नक्की."

तो उठला. मी म्हटलं, थांब, जिन्यापर्यंत येतो. तो म्हणाला, "नको." पाटाकडे बघून म्हणाला, "आजचा डाव राहू दे असाच." जाताना त्याने पाटावरचा फासा उचलला आणि खिशात टाकला. मुद्दाम की नकळत, मला कळलं नाही. काठी जिन्यावर वाजत गेली, मधेच थांबली, मला वाटलं परत येतोय. मग पुन्हा वाजली, खाली खाली गेली.

हातामुळे पाय गेला, हे त्याने तेवीस वर्षं मुरवलं. मिजाशीमुळे गेला, हे कालच कळलं त्याला. हे मुरवायला त्याच्याकडे आता किती वर्षं आहेत?

गुरुवार, ११ तारीख
दुपारचे पावणेचार

काल तो आला नाही. आजही तीन वाजून गेले. मी दोन्ही कड्या काढून ठेवल्या आहेत, दार नुसतं लोटलेलं आहे. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की उठतो. एकदा शिंपीणबाई होत्या, एकदा वरच्या मजल्यावर जाणारा पोस्टमन. पाट तसाच मांडलेला आहे, फासा नाही.

ठकू, आता मुद्द्याचं लिहितो, मग पत्र टाकून येतो, नाहीतर हेही गादीखाली राहील.

फाशाच्या तीन बाजू कोऱ्या होत्या त्या तशाच ठेव. सुताराचं काम चोख आहे. जहाजांची पोटं अरुंद करू नकोस, उलट जवळच्याचं थोडं रुंद कर, माझ्यासारखे पुष्कळ असतील घराघरांत, टेबलाखाली हात धरून बसलेले, त्यांनाही खेळता आलं पाहिजे. आणि फासा आधी. जहाज मग. वारा कळल्यावर माणसाने ठरवावं, आणि थांबा म्हणायचा पत्ता त्याच्या हातात असावा. मी उलटं कळवलं होतं ते माझ्या सोयीसाठी. ते खोडून टाक. वीस तारखेच्या आत कागद बदलता येईल का, मला माहीत नाही. येत असेल तर बदल.

छोटीचं. तू ये. तिलाही आण. पण तिला माझ्या हातात देऊ नकोस. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसेन, तिच्याकडे बघेन, दिवसभर वर येऊन बसाल का, असं शिंपीणबाईंना विचारून ठेवतो. तू तिला पुढे करशील, कारण तुला माझं वाईट वाटेल. मी म्हणेन दे, कारण मलाही वाटेल, दोन क्षण आहेत, मला जमेल. तेव्हा तू देऊ नकोस. माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नकोस, या कागदावर ठेव. हे मी तुला आडवं निशाण दाखवतोय असं समज.

तू आलीस की मला डॉक्टरकडे घेऊन चल. पायरीवरून परत वळू देऊ नकोस. आणि निशाणकाकाकडे जाऊन ये. मी जाऊ धजत नाही. तो तुझ्याशी बोलेल. त्याच्याकडे फासा असेल तर मागू नकोस, नुसतं बघून ये.

तू माझ्यावर चिडशील, त्याची भीती नाही. चिडली नाहीस आणि गप्पच राहिलीस तर काय करायचं, ते मला सुचत नाही. तेव्हा पत्र मिळाल्या मिळाल्या दोन ओळी टाक. दोन नाही जमल्या तर एक. शिव्या लिहिल्यास तरी चालतील, पण लवकर लिही. मी दाराशीच आहे.

सुरुवातीला अक्षराबद्दल लिहिलं आहे ते खोडत नाही, तुला दिसू दे. पण खिडकी बंद आहे. मंगळवारीही बंद होती.

तुझा
बाबा